गाव शहरात गेलं तर सभागृहात आपली माणसं किती? विलीन पालिकेचं गणित असं मांडा

बेळगावच्या आसपासच्या गावांत, हिंडलगा म्हणा कंग्राळी म्हणा येळ्ळूर म्हणा, कट्ट्यावर चार माणसं बसली की गाव शहरात जाणार काय हा विषय निघतोच. मग घरपट्टी किती वाढणार, पाणीपट्टी किती येणार यावर तासभर बोलणं होतं. पण नव्या पालिकेत आपले किती नगरसेवक बसणार, वॉर्डाची रेघ कुठून जाणार, महापौर कुणाच्या मतावर ठरणार हे कुणी विचारत नाही, आणि निकाल लागला की सगळे डोक्याला हात लावून बसतात की आपली एवढी मतं असून असं कसं झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. विलीन झालेल्या पालिकेचं अर्धं राजकारण मतदानाच्या कितीतरी आधी कागदावर ठरून जातं. हद्दीचा मसुदा, वॉर्डाचा नकाशा आणि आरक्षणाची यादी, हे तीन कागद ज्याने वेळेत वाचले त्याला पुढचा निकाल बराचसा दिसतो, आणि बदल करून घ्यायचा असेल तर तो त्याच टप्प्यावर होतो. ते कागद कसे वाचायचे आणि कुठे जाऊन काय मागायचं ते खाली सांगतो.

आधी बघा, नेमकं काय होणार आहे

"गाव शहरात जाणार" या एकाच वाक्याखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचं राजकारण वेगळं असतं, त्यामुळे आधी हे पक्कं करून घ्या.

पहिला प्रकार म्हणजे एक किंवा दोन-तीन ग्रामपंचायतींची मिळून स्वतंत्र नगरपंचायत होते, ज्याला कन्नडमध्ये पट्टण पंचायत म्हणतात. आपल्याकडे मच्छे आणि पिरनवाडी अशाच नगरपंचायती झाल्या. इथे गावाची ओळख राहते, नगरसेवक आपल्यातलेच असतात, फक्त कायदा बदलतो. पंचायतराजचा १९९३ चा कायदा जाऊन कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ लागू होतो. दुसरा प्रकार म्हणजे गाव थेट महापालिकेत घालतात, मग १९७६ चा महानगरपालिका कायदा लागू होतो आणि आपण मोठ्या सभागृहातले एक-दोन वॉर्ड होऊन बसतो. तिसरा प्रकार आपल्या बेळगावचा खास, कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग. देशभरातल्या छावण्यांचे नागरी भाग जवळच्या पालिकेत द्यायचं संरक्षण खात्याचं धोरण आहे, २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलपासून सुरुवात झाली, आणि बेळगाव कॅम्पाचा नागरी भाग महापालिकेत द्यायचा प्रस्तावही चालू आहे. त्याच २०२३ मध्ये कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या ३० एप्रिलला ठरलेल्या निवडणुका रद्द झाल्या, म्हणजे तिथल्या लोकांना विलीनीकरण होईपर्यंत निवडून दिलेला माणूसच नाही. चौथा प्रकार दोन शहरं जोडायची, तो आपल्या शेजारीच दोनदा झालाय, हुबळी-धारवाडला १९६२ मध्ये आणि सांगली-मिरज-कुपवाडला १९९८ मध्ये.

लोकसंख्येचा निकष साधारण असा आहे. १० हजार ते २० हजार असेल तर नगरपंचायत, २० ते ५० हजार पुरसभा, ५० हजार ते ३ लाख नगरसभा आणि ३ लाखांच्या वर महापालिका. यासोबत दाट वस्ती किती आणि निम्म्याहून जास्त लोक शेतीशिवाय दुसऱ्या कामावर जगतात काय हेही बघतात. ही शेतीची अट लक्षात ठेवा, हरकत घालताना सगळ्यात उपयोगी पडते. ज्या गावात अजून बहुतेक घरं शेतीवर आहेत त्या गावाने ७/१२ च्या उताऱ्यासारखे कागद, म्हणजे आपले आरटीसी उतारे, गोळा करून दाखवले तर मुद्द्याला वजन येतं. नुसतं "आम्हाला नको" म्हणून सह्यांचं निवेदन दिलं तर ते फाईलला लागतं आणि तिथंच राहतं.

आणखी एक, जनगणना चालू असताना प्रशासकीय हद्दी गोठवतात. २०२७ च्या जनगणनेसाठी १ जानेवारी २०२६ पासून हद्दी गोठवायचं ठरलं. त्यामुळे कुणी उद्याच गाव शहरात जाणार म्हणून प्लॉटचे भाव वाढवून सांगायलेत तर आधी राजपत्र दाखवा म्हणायचं.

मसुदा अधिसूचना कशी वाचायची

सरकार आधी मसुदा काढतं, हरकती मागवतं, मग अंतिम अधिसूचना काढतं. मसुदा राजपत्रात येतो, डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसच्या आणि पंचायतीच्या बोर्डावर लागतो आणि तो कन्नडमध्ये असतो. आपल्यातल्या बऱ्याच लोकांना कन्नड बोलता येतं पण सरकारी कन्नड वाचता येत नाही, आणि इथंच वेळ जातो, कारण हरकतीची मुदत चालू झालेली असते. गावातल्या कन्नड शाळेच्या गुरुजींना किंवा वकिलीचं शिक्षण घेतलेल्या एखाद्या पोराला बसवून पहिल्याच दिवशी पूर्ण वाचून घ्या. सारांश नको, शब्द न् शब्द.

त्यात दोन गोष्टी असतात, सर्व्हे नंबरांची यादी आणि चतुःसीमा. एका गावात मारुतीच्या देवळात असंच वाचन चालू होतं, गुरुजी एकेक सर्व्हे नंबर मोठ्याने वाचत होते आणि म्हातारी माणसं "हां, हे आमचं, हे पाटलाचं" असं म्हणत होती, आणि मध्येच एक आजोबा म्हणाले, अहो तो ओढ्यापलीकडचा नंबर आलाच नाही की. परत वाचलं, खरंच नव्हता. त्या नंबरात २०-२५ घरांची नवी वसाहत होती. म्हणजे घरं शहरातही नाहीत आणि ज्या पंचायतीत होती ती पंचायत बरखास्त होणार. असे नंबर सुटतात, आणि सुटलेले नंबर गावातल्या म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून वाचन देवळात नाहीतर समुदाय भवनात सगळ्यांसमोर करा.

उलटही होतं. कामाची जमीन, म्हणजे गायरान, तळं, औद्योगिक वसाहतीला लागून असलेली जागा शहरात घेतात आणि दाट गल्ल्या बाहेर ठेवतात. तर यादी वाचताना वहीत दोन रकाने करा, काय घेतलं आणि काय सोडलं. जे सोडलंय त्याकडे जास्त लक्ष द्या.

हरकत लिहायची तर ती अशी मुद्देसूद पाहिजे:

"मा. जिल्हाधिकारीसो, विषय: मसुदा अधिसूचना क्रमांक अमुक, तारीख अमुक, यावर हरकत. वरील मसुद्यात आमच्या गावचे सर्व्हे नंबर अमुक ते अमुक समाविष्ट आहेत, परंतु त्याला लागून असलेला सर्व्हे नंबर अमुक, ज्यात आज रहिवासी घरे आहेत, तो वगळला आहे. सोबत घरपट्टीच्या पावत्या, वीज बिलं आणि नकाशा जोडला आहे. तरी सदर नंबर समाविष्ट करावा किंवा वगळण्याचे कारण लेखी द्यावे."

एका हरकतीत एकच मुद्दा घाला, कारण दहा मुद्दे घातले की उत्तर सगळ्यात सोप्या मुद्द्याला मिळतं आणि बाकीचे तसेच राहतात. मराठीत लिहा आणि सोबत कन्नड भाषांतर जोडा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यावेत हा १९५६ पासूनचा केंद्राचा निकष आहे आणि मराठीत परिपत्रकं मिळावीत ही आपली जुनी मागणी त्यावरच उभी आहे, ती सोडायची नाही, पण मुदत संपत आली असताना कागद भाषेच्या कारणाने परत येऊ द्यायचा नाही. दोन्ही भाषांत दिला की तो प्रश्नच येत नाही. आणि पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा.

हे मी एवढं घासून का सांगतोय तर घटनेचं कलम २४३-झेडजी. वॉर्डरचना आणि जागावाटपाच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही असं त्यात लिहिलंय, आणि निवडणुकीला आव्हान द्यायचं तर फक्त निवडणूक याचिकेनेच. म्हणजे निवडणूक लागल्यावर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाकडे धावून फार काही हाती लागत नाही. जे काय करायचं ते हरकतीच्या मुदतीत.

मधला काळ, प्रशासकाचा

विलीनीकरण झालं की लगेच निवडणूक होते असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. बेंगळूरचं बघा, २००७ मध्ये जुन्या महापालिकेचे १०० वॉर्ड, ७ नगरसभा, १ पुरसभा आणि शंभरावर खेडी जोडून बृहत् बेंगळूर महानगरपालिका केली आणि पहिली निवडणूक मार्च २०१० मध्ये झाली. तीन वर्षं त्या सगळ्या खेड्यांना आणि गावांना निवडून दिलेला माणूस नव्हता. आपल्या बेळगावातही, विलीनीकरण नसताना, सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली, मतदान ३ सप्टेंबर २०२१ ला झालं, आणि पुढे निवडून आलेल्या ५८ जणांना महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. घटनेत मुदत ५ वर्षांची आणि त्याआधी निवडणूक घ्यायची असं स्पष्ट लिहिलं असताना हे होतं, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण याच काळात रस्ते, गटारं, कराचे दर असले सगळे मोठे निर्णय एक अधिकारी सहीने घेतो.

म्हणून पंचायत बरखास्त व्हायच्या आधी शेवटच्या ग्रामसभेत काही गोष्टी ठराव करून लिहून घ्या. पंचायतीच्या खात्यात शिल्लक किती, कुठली कामं मंजूर होऊन अर्धवट आहेत, गायरान आणि मोकळ्या जागांचे सर्व्हे नंबर कुठले, वॉटरमन आणि सफाई कामगार किती आणि त्यांचं पुढे काय, इ-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे, नमुना ९ आणि ११ किती घरांचे झालेत आणि किती राहिलेत. पीडीओंकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडून, त्याची सही-शिक्क्याची प्रत घेऊन दोन-तीन घरांत ठेवा. शहरात गेल्यावर खाता, म्हणजे मिळकतीची नोंद, नव्या पद्धतीने करावा लागतो आणि ज्याचा जुना कागद नाही त्याची फरफट होते. रोजगार हमीचं जॉब कार्ड असलेल्यांनी आणि पोरांच्या ग्रामीण कोट्याच्या दाखल्यावर अवलंबून असलेल्यांनी आपलं काय होणार हे त्याच सभेत लेखी विचारून घ्यावं, कारण हमीचं काम हे ग्रामीण भागासाठीच असतं.

वॉर्ड, इथं खरी मेख आहे

आता आकडे मांडूया, कागद-पेन घ्या.

ग्रामपंचायतीत ४०० लोकसंख्येला एक सदस्य असतो. ५ हजारांच्या गावाला १२-१३ सदस्य. गल्लीत एक सदस्य, रात्री दिवा गेला तर दार वाजवून उठवता येईल असा. नगरपंचायत झाली की ११ ते २० नगरसेवक एवढीच मर्यादा, म्हणजे १२ हजारांच्या गावात जिथे ३० सदस्य होते तिथे जास्तीत जास्त २०. आणि महापालिकेत? बेळगावची २०११ ची लोकसंख्या ४ लाख ९० हजारांच्या आसपास आणि वॉर्ड ५८, भागाकार केला तर एका वॉर्डाला सुमारे ८,४००. म्हणजे ५ हजारांच्या गावाला पूर्ण एक वॉर्डसुद्धा येत नाही. १२ माणसांच्या जागी अर्ध्याहून थोडा जास्त माणूस.

मग उरलेले ३,४०० लोक कुठून आणून जोडणार हा प्रश्न येतो आणि तिथंच राजकारण आहे. शेजारच्या मराठी गावाचे जोडले तर एक निकाल, शहराच्या टोकाला झालेल्या नव्या कॉलनीचे जोडले तर वेगळा, आणि गावच मधून कापून दोन वॉर्डांत टाकलं तर दोन्हीकडे आपण अल्पसंख्य. हा शेवटचा प्रकार मराठी गावांतच होतो असं नाही, कन्नड गावांत, मुस्लिम मोहल्ल्यांत, दलित वस्त्यांत सगळीकडे होतो, कधी मुद्दाम कधी ऑफिसात बसून नकाशावर रेघ मारल्यामुळे.

वॉर्ड गणती ब्लॉक, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले घरांचे गट, जोडून करतात. म्हणून तहसीलमधून किंवा पालिकेतून ब्लॉकवार लोकसंख्येची यादी मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून मागा, आणि स्वतःचा पर्यायी नकाशा करा. दोन कसोट्या लावा. सगळ्या वॉर्डांची लोकसंख्या जवळपास सारखी आहे काय, आणि सीमा नैसर्गिक आहे काय, म्हणजे मोठा रस्ता, रेल्वे लाईन, ओढा असं काही. गल्लीच्या मधून रेघ जात असेल, डावीकडची घरं एका वॉर्डात आणि उजवीकडची दुसऱ्यात, तर ते लगेच हरकतीत घाला, फोटो काढून. पर्यायी नकाशा जोडलेल्या हरकतीला उत्तर देणं भाग पडतं.

अजून एक अडचण अशी की आकडे २०११ चेच धरतात. ज्या गावांच्या कडेला गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळी नवी वसाहत झाली तिथे आज माणसं दुप्पट असतील पण वॉर्ड जुन्या आकड्यावर पडणार. हे हरकतीने बदलत नाही, पण आपल्या वॉर्डात मतदार किती असणार याचा अंदाज घेताना चालू मतदार यादी बघा, जनगणना नको.

आणि यादी स्वतः तपासा. विधानसभेच्या यादीवरून वॉर्डवार यादी करताना एकाच घरातला नवरा एका वॉर्डात आणि बायको दुसऱ्या वॉर्डात असं सर्रास होतं. कच्ची यादी लागली की प्रत्येक गल्लीतल्या दोन पोरांना त्यांच्या गल्लीची पानं द्या आणि घरोघरी जाऊन टिक करायला लावा, चूक सापडली तर मुदतीत अर्ज.

आरक्षण

निम्म्या जागा महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, मागासवर्गीय अ आणि ब प्रवर्ग, आणि महिलांचं सोडून एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. दर निवडणुकीला फिरतं. यावर फार लिहीत नाही, एवढंच सांगतो की आपल्या वॉर्डाला कुठलं आरक्षण पडेल याची वाट बघत एकाच माणसाला तयार करू नका. महिला उमेदवार आधीपासून तयार ठेवा, जी स्वतः मीटिंगला जाऊन बोलेल अशी, नाहीतर निवडून बाई येतात आणि फोन नवऱ्याचा असतो. प्रवर्गाचा दाखला तहसीलदाराकडून आधीच काढून ठेवा, अर्ज भरायच्या आठवड्यात काढायला गेला तर सर्व्हर डाऊन.

चिन्ह आलं की गाव बदलतं

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. पॅनेल असतात, भावकी असते, देवस्थान कमिटी असते, महाराष्ट्र एकीकरण समिती असते. पालिकेत पक्ष चिन्हावर लढतात. विलीन झालेल्या गावात हा सगळ्यात मोठा बदल असतो आणि लोकांना तो पहिल्या निवडणुकीनंतर कळतो.

बेळगाव महापालिकेचंच उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं इथं सभागृह भाषेवर मोजायचे, मराठी किती आणि कन्नड-उर्दू किती, आणि २०१३ च्या निवडणुकीतही बहुमत मराठी गटाचंच होतं. २०२१ ला पहिल्यांदा राष्ट्रीय पक्ष चिन्हावर उतरले आणि निकाल असा आला: भाजप ३५, काँग्रेस १०, एमआयएम १ आणि अपक्ष १२, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पाठिंब्यावर आलेले त्या अपक्षांतच. म्हणून मराठी नगरसेवक सभागृहातून गेले असं मात्र नाही, फेब्रुवारी २०२३ ला भाजपच्या शोभा सोमनाचे महापौर झाल्या, पक्षांच्या तिकिटावर मराठी माणसं भरपूर आहेत. फक्त सभागृह मोजायची पद्धत बदलली. आधी माणूस कुठल्या भाषेचा हे बघून गट कळायचा, आता व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा आदेश, कुणाचा हे बघावं लागतं. तर मराठी नगरसेवक किती हा एक आकडा आणि मराठीच्या विषयावर मत देऊ शकणारे नगरसेवक किती हा दुसरा, आणि तुम्ही सभागृहाची बेरीज करताना हे दोन आकडे वेगवेगळे लिहा.

मतविभागणीचं गणित उदाहरणाने सांगतो, आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. वॉर्डात ३,६०० मतं पडली. मराठी भागातून तीन उमेदवार, ९००, ८०० आणि ५००, एकूण २,२००. समोर एकच उमेदवार १,४०० मतं घेऊन. निवडून तोच येतो. तीन जणांना मिळून ६० टक्क्यांच्या वर मतं असून. त्यामुळे वॉर्ड जाहीर झाल्यापासून अर्ज माघारीच्या दिवसापर्यंत गावाने जे काम करायचं ते हेच, तीनाचा एक करणं. पंच मंडळींनी बसून, गल्लीवार मतं विचारून, माघार घेणाऱ्याचा मान राखून. माघारीचा दिवस गेला की पॅनेलवर नाव छापलं काय आणि नाही काय, मशीनवर तिघेही असतात.

सभागृह मोजायची रीत

निकाल लागला की लोक फक्त जागा मोजतात. कर्नाटकात तेवढं पुरत नाही. नगरसभा-पुरसभेत आणि महापालिकेतही त्या भागाचे आमदार, खासदार आणि तिथे मतदार म्हणून नोंद असलेले विधान परिषद व राज्यसभेचे सदस्य यांनाही महापौर-अध्यक्ष निवडीत मत असतं. सरकार नियुक्त सदस्य बसतात आणि बोलतात पण त्यांना मत नसतं.

याचा फरक किती पडतो ते बघा. बेंगळूरला २०१५ मध्ये १९८ पैकी भाजप १००, काँग्रेस ७६, जेडीएस १४ आणि इतर ८. नुसते नगरसेवक मोजले तर भाजपला काठावर बहुमत. पण आमदार, खासदार, परिषद सदस्यांची मतं धरली आणि अपक्ष वळवले तेव्हा महापौर काँग्रेसचा झाला, जेडीएसच्या साथीने. कलबुर्गीलाही २०२१ मध्ये ५५ पैकी सगळ्यात जास्त, २७, जागा काँग्रेसला, आणि २०२३ ला महापौर भाजपचा. हुबळी-धारवाडला ८२ पैकी भाजप ३९, काँग्रेस ३३, अपक्ष ६, एमआयएम ३, जेडीएस १, म्हणजे कुणालाच स्वतःचे ४२ नाहीत, आणि तरी महापौरपद भाजपकडेच गेलं.

तर तुमचा तक्ता असा करा. पहिल्या रकान्यात पक्षवार नगरसेवक. दुसऱ्यात मत असलेले आमदार-खासदार-परिषद सदस्य, त्यांची अधिकृत यादी निवडीच्या नोटीसबरोबर निघते, ती मागून घ्या, कारण परिषद सदस्य आपली मतदार नोंद कुठे आहे त्यावर मोजले जातात आणि ती नोंद बदलूही शकते. तिसऱ्यात अपक्ष, प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठून आला, पक्षाचा बंडखोर, समितीचा, की गावाने उभा केलेला. मग या निवडीत मत असलेले एकूण सदस्य भागिले दोन अधिक एक. तो आकडा आला की विलीन भागातून आलेल्या तुमच्या दोन-तीन माणसांची किंमत काय ते समजतं. एका बाजूकडे स्वतःचं बहुमत असेल तर मागण्या निवडणुकीआधीच जाहीरनाम्यात घालून घ्यायच्या, आणि कुणालाच बहुमत नसेल तर पाठिंब्याच्या बदल्यात लेखी मागायच्या. पद मागू नका, काम मागा. गावच्या पाण्याची लाईन, स्मशानाचा रस्ता, कचऱ्याची गाडी.

पक्षाच्या तिकिटावरच्या सदस्याने व्हिप मोडला तर कर्नाटकच्या १९८७ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं. पण कायदा असला म्हणून मतं फुटत नाहीत असं नाही. महाराष्ट्रातही असाच कायदा आहे. तरी सांगलीत २०१८ ला ७८ पैकी भाजपचे ४१ होते, आणि फेब्रुवारी २०२१ ला त्यांची काही मतं फुटली आणि महापौर राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी झाले. त्यामुळे दोन-तीन जागांच्या बहुमताला पक्कं बहुमत म्हणून धरू नका.

पदाचं आरक्षणही बघा. महापौरपद कर्नाटकात, बेंगळूर सोडलं तर, एक वर्षाचं, नगरसभा-पुरसभेचं अध्यक्षपद ३० महिन्यांचं, आणि दर वेळी आरक्षण सरकार जाहीर करतं. २०२४ ला बेळगावचं महापौरपद अनुसूचित जाती महिलेसाठी होतं आणि सविता कांबळे महापौर झाल्या. एखाद्या पक्षाकडे बहुमत असून त्या प्रवर्गाचा नगरसेवकच नसेल तर खुर्ची दुसरीकडे जाते, म्हणून तक्त्यात प्रत्येक नावापुढे प्रवर्गही लिहा.

आणि महापौर कोण यात सगळे अडकून पडतात तेव्हा स्थायी समित्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. महापालिकेत चार असतात, कर-अर्थ, आरोग्य-शिक्षण, नगररचना आणि लेखा, प्रत्येकी ७ जणांच्या. विलीन गावाचा माणूस नगररचनेच्या समितीत पाहिजे. गावठाणाला लागून शेती असते, त्यावर रिंगरोड की लेआउट की ग्रीन झोन हे तिथे चर्चेला येतं, आणि त्या खोलीत आपलं कुणी नसेल तर गावाला पेपरमध्ये वाचून कळतं.

जोडलेलं परत तोडताही येतं हेही लक्षात असू द्या. १९६२ पासून एकत्र असलेल्या हुबळी-धारवाडमधून धारवाडची वेगळी महापालिका करायला जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि ती मागणी धारवाडकरांनी काय म्हणून लावून धरली होती तर सगळा पैसा आणि सगळी कामं हुबळीला जातात म्हणून. ही तक्रार सिद्ध करायला वर्षावर्षाचा हिशोब लागतो, म्हणून तुमचं गाव विलीन झालं तर पहिल्या बजेटपासून आपल्या वॉर्डात किती कर गोळा झाला आणि किती रुपयांची कामं निघाली हे लिहून ठेवायला एखाद्या मंडळाला सांगा. बजेटची प्रत आणि मीटिंगच्या ठरावांच्या प्रती पालिकेच्या कौन्सिल विभागातून मिळतात, तोंडी मागून नाही दिल्या तर परत तोच १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, आणि अर्जात "अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव क्रमांक अमुक" असं नेमकं लिहा म्हणजे माहिती मोघम आहे म्हणून परत पाठवायला जागा राहत नाही.